तांबड्या चंद्रावरचा फितूर

पाचव्या भागाचं पहिलं रीळ मशीनवर चढवत होतो आणि मालक केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. खाली थेटरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजाराचा दिवस, दुपारी तीनचा खेळ. माणसं बाजारातून तशीच आत आलेली. पिशव्या मांडीवर, कोंबड्या पाय बांधून बाकड्याखाली. मालक म्हणाले, आज जरा रंगवून सांगा, मागच्या बाजारी फार सपक झालं. रंगवून म्हणजे कसं, असं मी विचारलं. ते तुम्हाला कळतं म्हणाले, लोक हसले पाहिजेत आणि पुढच्या बाजारी परत आले पाहिजेत.

आता हे ‘सांगणं’ म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

लढाई संपत आली होती त्या वर्षाची गोष्ट. मी रहिमतपूरला एका पत्र्याच्या थेटरात ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणारा. गावात वीज नव्हती. मागच्या बाजूला ऑइल इंजिन धडधडायचं, त्याच्या डायनामोवर आमचा सगळा संसार. मशीनमध्ये दिवा असतो तो बल्ब नव्हे. पेन्सिलीएवढ्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरायच्या, मधल्या फटीत उजेड पडतो. कांड्या जळत जातात, फट वाढते, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी त्या पुढे सरकवाव्या लागतात. चुकलं की पडदा पिवळा पडतो आणि लोक शिट्ट्या मारतात. एक रीळ दहा मिनिटांचं. सोपं काम नाही, पण एकदा हाताला बसलं की तोंड मोकळं राहतं. मला तेच भोवलं.

मालकांनी त्या वर्षी एक इंग्रजी सीरियल भाड्यानं आणली होती. सीरियल म्हणजे एकच लांबलचक गोष्ट बारा भागांत. दर बाजारी एक भाग, दोन रिळांचा, मुख्य सिनेमाच्या आधी लावायचा. प्रत्येक भाग अशा ठिकाणी संपायचा की हिरो कड्यावरून लोंबकळतोय. लोकांनी आठवडाभर जीव टांगून बसायचं. गोष्ट होती अग्निबाणात बसून दुसऱ्या चंद्रावर गेलेल्या माणसांची. त्या चंद्राला आम्ही बोर्डावर ‘तांबडा चंद्र’ लिहिलं, जरी सिनेमा काळापांढराच होता. तिथं एक दुष्ट बादशहा. त्यानं हिरोच्या बापाला मारलेलं, म्हणून हिरोला सूड घ्यायचाय. आणि बादशहाचा एक सेनापती, जो त्याला सोडून हिरोच्या बाजूला आलेला. एका पायाला लोखंडी पट्टी, लंगडत चालायचा. कानाला डबडी लावून बिनतारी यंत्रावर बसायचा.

बोलणं सगळं इंग्रजीत. आमच्या गिऱ्हाइकाला त्यातलं काय कळणार? म्हणून मालकांनी सांगलीहून एक माईक आणला. सिनेमाचा आवाज मी बारीक करायचा आणि केबिनच्या छोट्या खिडकीतून पडदा बघत माईकवर मराठीत सांगायचं. माझं इंग्रजी चौथीपर्यंतचं. पहिल्या तीन भागांबरोबर गोष्टीचा छापील कागद आला होता. पुढच्या भागांचा आलाच नाही. चौथ्या भागापासून मी सरळ मनानं रचून सांगायला लागलो. पुढच्या भागात काय आहे ते मलाही ठाऊक नसायचं, कारण भाग रेल्वेनं यायचा तो बाजाराच्या आदल्या दिवशी. पण लोकांना ते कुठं माहीत होतं? त्यांच्या लेखी ऑपरेटर सगळं जाणून होता. आणि मला, खरं सांगायचं तर, ते आवडत होतं.

आता सर्जेराव. तीन मैलांवरच्या गावचा. गावाचं नाव घेत नाही. लष्करात सिग्नलवाला होता, म्हणजे बिनतारी यंत्रावर निरोप घेणारा-देणारा. ब्रह्मदेशाच्या बाजूला पायात गोळी लागली, पेन्शन घेऊन घरी आला. सगळा मुलूख त्याला सिग्नल म्हणायचा. एकदा आमचा अ‍ॅम्प्लिफायर खरखरायला लागला, मला काही सुधरेना, तेव्हा हा वर चढून आला. लाउडस्पीकरला कान लावून बसला, तारेला बोट लावत गेला आणि म्हणाला, हितं डाख सुटलाय. पाच मिनिटांत तारेचा जोड पुन्हा डाखून दुरुस्त. तेव्हापासून दर बाजारी यायचा. त्याला तिकीट नव्हतं. केबिनच्या खाली शेवटच्या बाकड्यावर लंगडा पाय लांब करून बसायचा आणि आवाज जरा बिघडला की हात वर करून खूण करायचा. मला रहिमतपुरात दुसरा दोस्त नव्हता.

त्याच्या गावात महिन्याभरापूर्वी एक प्रकार झाला होता. चळवळीतली तीन पोरं उसात लपली होती. पहाटे पोलिसांनी नेमका तोच फड घेरला आणि तिघांना बांधून नेलं. कुणीतरी सांगितल्याशिवाय हे होत नाही, असं गाव म्हणत होतं. आणि सरकारचं पेन्शन खाणारा गावात नजरेत भरणारा माणूस म्हणजे सर्जेराव. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

तर त्या दिवशी मालक सांगून गेले आणि मी रंगवायला लागलो. पडद्यावर सेनापती आला, लंगडत, कानाला डबडी लावून यंत्रावर बसला. मी माईकवर म्हणालो, "ओळखलं का मंडळी? पाय लंगडा, कानाला डबडी. हा आपला सिग्नल. इथं फुकट सिनेमा बघतो आणि तिकडं बादशहाला सगळं कळवतो."

थेटर फुटायचं तेवढं राहिलं. माणसं मागं वळून वळून सर्जेरावाकडं बघत होती. त्यानंही हसून हात वर केला. मला चेव आला. पुढच्या दृश्यात हिरोची माणसं लपलेल्या गुहेवर बादशहाची विमानं आली आणि बॉम्ब पडले. मी म्हणालो, "गुहा कुणाला माहीत होती? एकट्या सिग्नलला. बघा, पोरं दगडाखाली गाडली गेली." आता कुणी हसलं नाही. मला वाटलं, गोष्टीत रंगलेत. भाग तिथंच संपला आणि मी शेवटचं वाक्य टाकलं, "फितुराचं काय करायचं, ते पुढच्या बाजारी."

मालक खालून माझ्याकडं बघून मान डोलवत होते.

खेळ सुटल्यावर सर्जेराव वर आला. जिना चढायला त्याला वेळ लागायचा. मी रीळ उलटं गुंडाळत होतो. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ऑपरेटर, पुढच्या बाजारी तेवढं सांगा, त्यो सेनापती फितूर न्हवता म्हणून."

मी म्हणालो, अहो थट्टा केली, मनावर काय घेता.

"मी न्हाई घेतली. पर गावातली चार मान्सं घ्याय लागल्यात. आत्ता भाईर पडताना एकानं इचारलं, सिग्नल, आमची पोरं कुठल्या फडात हायती त्ये बी यंत्रावरनंच कळवलंस का. हसत न्हवता त्यो." मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाला, "तुमच्या तोंडचं लोकं लय खरं मानत्यात. तुमीच सांगितलं तर मिटंल."

सांगतो म्हणालो. शब्द दिला.

पुढं असं झालं की दोनच दिवसांत सहावा, सातवा आणि आठवा असे तीन भाग एकदम आले. आमच्या आधीच्या एका गावाचं थेटर बंद पडलं होतं, म्हणून पेटी लवकर सुटली. रीळ आलं की ते तपासायचं असतं. जोड सुटलेत का, भोकं फाटलीत का, ते हातानं बघत गुंडाळायचं. मी तेवढ्यावर थांबलो नाही. दारं लावून रिकाम्या थेटरात तिन्ही भाग मशीनवर चढवून बघितले. आठव्या भागात सेनापती मरतो. इंग्रजी कळायची गरजच नव्हती, सगळं डोळ्यांनी दिसत होतं. गुहेचा पत्ता दुसऱ्याच माणसानं दिलेला असतो. सेनापती यंत्रावर बसायचा तो बादशहाला चकवून विमानं भलतीकडं पाठवायला. शेवटी हिरोला वाचवायला तो एकटा मागं राहतो आणि यंत्रासकट जळून जातो.

मी तसाच मालकांकडं गेलो. बाजारपेठेत त्यांचं गुळाचं दुकान होतं. त्यांना सगळं सांगितलं. म्हणालो, सर्जेरावाला त्रास होतोय, येत्या बाजारी मी लोकांना सांगून टाकतो की सेनापती चांगला माणूस आहे.

मालक शांतपणे म्हणाले, "आठवा भाग सहाव्यातच सांगितला तर पुढं बघायला कोण येईल? लोक फितुराला शिक्षा झालेली बघायला येणार आहेत."

"पण मालक, त्याच्या गावात—"

"दोन बाजार कळ काढ म्हणावं. तिसऱ्या बाजारी पडद्यावरच खरं काय ते दिसेल. सिनेमा आहे तो."

मालक वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला म्हणत नाही. सांगलीला आधीच्या थेटरात माझ्या हातून एक रीळ पेटलं होतं. त्या काळची फिल्म म्हणजे वाळलेला पाचोळा, ठिणगी पडली की संपलं. माणूस कुणी मेलं नाही, पण केबिन गेली आणि मला कुणी दारात उभं करेना. मालकांनी एका शब्दानं न विचारता ठेवून घेतलं. त्यांच्या शब्दाबाहेर जाणं मला जमत नव्हतं. निष्ठा म्हणायची तर म्हणा. माझ्या भित्रेपणाला तो शब्द तेव्हा बरा पडला.

सहाव्या भागाच्या दिवशी सर्जेराव नेहमीच्या जागी बसला होता. त्याच्या आजूबाजूची बाकडी भरली होती, पण त्याच्या बाकड्यावर तो एकटाच होता. सेनापती पडद्यावर आला आणि खालून शिव्या सुरू झाल्या. मी माईक उचलला. म्हणालो, "मंडळी, सेनापतीचं खरं-खोटं अजून ठरलेलं नाही. थांबा जरा." एवढं बुळबुळीत बोललो. पुढच्या बाकड्यांवरून एकजण ओरडला, "फितुराची बाजू घेतंय बघ ऑपरेटर." दुसरा म्हणाला, दोस्त हाय त्यो त्येचा. हशा झाला. मी कार्बनच्या कांड्या सरकवल्या, ज्या सरकवायची तेव्हा गरज नव्हती. माईक माझ्या हातात होता. एका वाक्याचं काम होतं. मालक दाराशी उभे होते हे खरं, पण ते काही माझं तोंड धरणार नव्हते. त्या दिवशी सर्जेराव वर आला नाही. काठी टेकत सरळ बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो रानात निघाला असताना पाटाच्या कडेला चौघांनी त्याला गाठलं. चौघं त्याच्याच गावचे. हे स्पष्ट सांगतो, कारण मागून लोकांनी हे चळवळीतल्या माणसांच्या नावावर खपवायचा प्रयत्न केला. त्यांचा ह्यात काही संबंध नव्हता. उलट आमच्या नावावर हा उद्योग कुणी सांगितला, असा त्यांचा निरोप गावात आला होता. हे चौघं म्हणजे पकडलेल्या पोरांचे चुलते-मामे. पोरं तुरुंगात, पोलिसांना हात लावता येत नाही, आणि सूड तर कुणावर तरी घ्यायचाच होता.

शेजारच्या रानात बाया भांगलत होत्या. त्यांनी सगळं बघितलं, ऐकलं. चौघांनी त्याला खाली पाडला आणि ज्या कानांनी निरोप देतोस-घेतोस ते कानच ठेवत नाही म्हणाले. पायताणांनी मारलं, मग लाकडानं. तो ओरडून विचारत होता की माझ्या हातनं काय झालंय ते तरी सांगा. त्यावर एकजण म्हणाला, "सिनेमात सुदिक ठावं झालं, आता काय सांगायचं राह्यलं?" हे वाक्य मला त्या बायांपैकी एकीनं जसंच्या तसं सांगितलं. मी ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

साताऱ्याच्या दवाखान्यात तो महिनाभर होता. दोन्ही कानांचे पडदे गेले होते. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच पुष्कळ, ऐकू येईल ही आशा सोडा. मी भेटायला गेलो तेव्हा डोक्याला फडकी गुंडाळून पडला होता. मी पायाशी उभा राहून बोलत होतो, माफी मागत होतो, रडत होतो. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "न्हाई येत गड्या ऐकू." पहिल्यांदाच त्यानं मला गड्या म्हटलं. मला तिथं उभं राहवेना.

इकडं मधे आठवा भाग लागला. त्या दिवशी थेटरात मुंगी शिरायला जागा नव्हती. त्या चौघांतले दोघं तिसऱ्या बाकड्यावर होते. पोलिसांत कुणी फिर्याद दिली नव्हती, त्यांना कसली भीती? सेनापती एकटा मागं राहिला, आग लागली, तो यंत्रापासून उठला नाही. बायकांच्या बाजूला हुंदके ऐकू येत होते. तिसऱ्या बाकड्यावरचा एकजण पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होता. मी खिडकीतून ते बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. माईक तोंडाशी धरून म्हणालो, "बघितलंत? सेनापती फितूर नव्हता. आणि आपला सिग्नलपण नव्हता."

लोक हसले. सिग्नलचं नाव घेतलं की हसायचं, असं मीच त्यांना शिकवलं होतं. ऑपरेटरनं रडण्याच्या मधे एक गंमत केली असं त्यांना वाटलं. मी काही बोलायच्या आत रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, आणि लोक मुख्य सिनेमासाठी ओरडायला लागले. मी मुख्य सिनेमाचं रीळ चढवलं. काम होतं ते.

पावसाळ्यानंतर सर्जेरावाचा धाकटा भाऊ आनंदा रजेवर आला. तोही लष्करात, पलटणीत नाईक. एका सकाळी मी मशीन पुसत होतो आणि दोघं भाऊ जिना चढून वर आले. आनंदाच्या अंगावर खाकी कपडे होते. सर्जेराव त्याच्या मागं, एक हात त्याच्या खांद्यावर. आनंदा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, पण त्याच्याकडं बघून मी फडकं खाली ठेवलं.

तो नमस्कार करून म्हणाला, "ऑपरेटरसायब, दादा म्हणतोय तुमचा ह्यात दोष न्हाई. कुणीतरी तुमाला भरीला घातलं, तवा तुमी माईकवर बोलला. मला फकस्त त्येचं नाव पायजे. त्या चौघांचं मी बघतोच. पर ज्यानं तुमच्या तोंडात घातलं त्यो पयला."

म्हणजे सर्जेरावानं घरात असं सांगितलं होतं. मला वाचवायला.

माझ्या डोक्यात मालकांचं नाव आलं. आलं हे कबूल करतो. रंगवून सांगा हे तेच म्हणाले होते, खोटं ठरलं नसतं. पण मला ते तोंडातून काढवेना. मी म्हणालो, "आनंदराव, कुणी नाही. ते मी माझ्याच—"

माझं वाक्य पुरं झालं नाही. सर्जेराव मधेच बोलायला लागला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तो ओरडूनच बोलतो. माझे ओठ हललेले त्याला दिसले होते, काय बोललो ते कळलं नव्हतं, पण मी काय बोलणार हे तो ओळखून होता. पत्र्याच्या केबिनमध्ये त्याचा आवाज घुमला.

"त्याला काय इचारतूस? कुणाचं नाव घेनार त्यो? मीच म्हणलो हुतो त्येला, माझी नक्कल कर म्हणून. मलाच हौस. माझं नाव घे, लोकं हसत्यात, असं मीच म्हणलो. त्येला न्हाई, मला इचार."

आनंदा भावाकडं वळला. मग त्याच्या दंडाला धरून त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन सावकाश म्हणाला, "तूच केलंस व्हय रं दादा ह्ये?" सर्जेरावानं ओठ बघितले आणि होय म्हणून मान हलवली. आनंदानं त्याचा दंड सोडला. तो मट्‌कन स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून लहान पोरासारखा रडायला लागला.

मला अजून बोलता आलं असतं. सर्जेरावाला ऐकू येत नव्हतं, आनंदाला येत होतं. मी खोटं पाडलं असतं तर पडलं असतं. मी फडकं घेऊन मशीन पुसत राहिलो.

आनंदा रजा संपायच्या आधीच पलटणीत निघून गेला. त्या चौघांना त्यानं हात लावला नाही. ज्याचा सूड घ्यायचा त्यानंच आपल्या हातानं आपलं करून घेतलं म्हटल्यावर तो कुणाला मारणार? वर्षभरानं ती तीन पोरं सुटून आली. त्यांनीच चावडीवर सांगितलं की सर्जेरावाचा त्यात काही हात नव्हता. चौघांपैकी एकानं त्याच्या घरी शेंगांचं पोतं नेऊन टाकलं म्हणे. बाकीचे तिघं रस्ता बदलून जायचे.

त्यानंतर मी माईकवर बोललो नाही. मालकांनी पुढच्या सीरियलला कोरेगावचा एक तमासगीर आणून बसवला, तो माझ्यापेक्षा बरा सांगायचा. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की सांगलीला पाठवावा लागे, चार-चार दिवस खेळ बंद राहायचा. सर्जेराव कधीतरी बाजारी यायचा, त्याच बाकड्यावर बसून चित्रं बघायचा, जाताना वर बघून हात करायचा. मीही करायचो. त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बोलायला त्याला ऐकू यायला हवं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्याला वाचता येत होतं. मी लिहून दिलं असतं तरी चाललं असतं.

मशीन मी पुढं तीस वर्षं चालवलं. हाताखाली शिकायला येणाऱ्याला कांड्या कशा सरकवायच्या, जोड कसा द्यायचा हे दाखवायचो आणि आणखी एक सांगायचो, ते कुठल्याही मशीनच्या पुस्तकात नाही. सगळी रिळं बघितल्याशिवाय पडद्यावरच्या माणसाबद्दल तोंड उघडायचं नाही. आणि बघितली असतील, तर बाजाराच्या दिवसाची वाट बघत बसायचं नाही.